जीप : इंधन पुरवठा व दोषनिदान

रस्ता नसलेल्या प्रदेशातून जाण्यासाठी चारही चाकांना शक्ती पुरविणारी, वजनाने हलकी व बांधणीने साधी अशी जी मोटारगाडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निर्माण झाली, ती ‘जीप’ या नावाने ओळखली जाते. या गाडीच्या टाकीतील पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरांपर्यंत योग्य प्रमाणात व अखंडपणे पोहोचविणाऱ्या साधनांच्या समूहाला इंधन पुरवठा यंत्रणा म्हणतात. टाकी, नळ्या, गाळणी, पंप व कार्ब्युरेटर हे तिचे मुख्य घटक होत. जीपच्या एंजिनाची पुनर्बांधणी केल्यानंतरही गाडी अडखळत चालणे, चढावर बंद पडणे किंवा तापल्यावर पुन्हा सुरू न होणे, या तक्रारी पुष्कळदा या यंत्रणेतूनच उद्‌भवतात. त्यांचे कारण शोधण्याची जी पद्धत लष्करी कार्यशाळांतून रूढ झाली व पुढे नागरी गॅरेजांत उतरली, तिचा इतिहास जीपच्या इतिहासाशी निगडित आहे.

पूर्वपीठिका : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत इंधन केवळ गुरुत्वाने वाहत असे. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या गाडीत (१९०८) टाकी चालकाच्या आसनाखाली होती. तीव्र चढावर टाकीतील पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाई व एंजिनास इंधन मिळेनासे होई. टाकीत पेट्रोल कमी असेल, तर असे चढ गाडी उलटी फिरवून मागच्या गतीने चढण्याची युक्ती चालक करीत. यावर उपाय म्हणून एंजिनाच्या शोषणाने निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या साहाय्याने इंधन वर खेचणारी लहान टाकी वापरात आली. परंतु लांब चढावर एंजिनावर पूर्ण भार असताना निर्वात क्षीण होत असल्याने, नेमक्या गरजेच्या वेळी तिचे कार्य मंदावे. १९२० ते १९३० या दशकात कॅमच्या साहाय्याने चालणारा पटल-पंप प्रचारात आला व चढाची अडचण बहुतांशी दूर झाली. जीपच्या अभिकल्पात हाच पंप स्वीकारण्यात आला.

जीपची निर्मिती : अमेरिकेच्या सेनादलाने जुलै १९४० मध्ये १३५ उत्पादकांकडून अशा गाडीसाठी प्रस्ताव मागविले. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यानुसार पहिली गाडी सिद्ध केली व २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरिलँडमधील कँप होलाबर्ड येथे चाचणीसाठी हजर केली. त्यानंतर विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने पुढे ठेवले. विलिसच्या नमुन्याचे एंजिन सर्वांत समर्थ ठरले. डेलमार रूस या अभियंत्याने सुधारलेल्या या चार सिलिंडरी एंजिनाचे विस्थापन सु. २,२०० घ. सेंमी. व शक्ती सु. ६० अश्वशक्ती होती. विलिस ‘एमबी’ व तिचीच फोर्डने बनविलेली ‘जीपीडब्ल्यू’ ही आवृत्ती मिळून युद्धाच्या अखेरीपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

इंधन पुरवठ्याची रचना : एमबी गाडीत सु. ५७ लि. क्षमतेची पोलादी टाकी चालकाच्या आसनाखाली बसविलेली असे. तेथून निघणारी नळी चौकटीच्या कडेने एंजिनाकडे जाई. एंजिन-कक्षाच्या मागील भिंतीवर पातळ चकत्यांची चळत असलेली गाळणी असे व तिच्या तळाशी साचणारे पाणी व गाळ काढून टाकण्यासाठी बूच असे. गाळणीतून पेट्रोल पंपात येई.

पंपातील तरफ कॅम-दंडावरील उत्केंद्री चकतीमुळे हलते व पटल खाली ओढते. त्यामुळे निर्माण झालेल्या निर्वाताने पेट्रोल पंपात शोषले जाते. नंतर पटलाखालील स्प्रिंग पटल वर ढकलते व पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. कार्ब्युरेटरमधील पात्र भरले की प्लवक वर येऊन सुईझडप बंद करतो. मग स्प्रिंग दबलेलीच राहते व तरफ पोकळ हालते. म्हणजे पुरवठ्याचा दाब एंजिनाच्या वेगावर अवलंबून नसून स्प्रिंगच्या ताणावर अवलंबून असतो. तो साधारणपणे दर चौ. सेंमी. ला ०·१ ते ०·३ किग्रॅ. इतका अल्प असतो. ही बाब पुढील दोषनिदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टाकी ते पंप हा मार्ग शोषणाचा व पंप ते कार्ब्युरेटर हा मार्ग दाबाचा असल्याने दोन्हींतील दोषांची लक्षणे भिन्न असतात. दाबाच्या बाजूची गळती थेंबाथेंबाने डोळ्यांस दिसते. शोषणाच्या बाजूची फट मात्र पेट्रोल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेते व बाहेरून कोरडीच दिसते.

युद्धकाळातील अनुभव : आघाडीवर इंधन पुरवठ्याचे पहिले शत्रू म्हणजे पाणी, धूळ व गंज. उत्तर आफ्रिका व ब्रह्मदेश येथील ब्रिटिश सैन्याकडे पेट्रोल पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून येई. हे डबे वाहतुकीत फुटत, गळत व गंजत. याउलट जर्मन सैन्याचा २० लि. चा दाबीव पोलादी डबा मजबूत असल्याने दोस्त राष्ट्रांनी त्याची नक्कल केली व तो ‘जेरीकॅन’ या नावाने जगभर रूढ झाला. डब्यातून टाकीत पेट्रोल ओतताना ते कापडातून किंवा मऊ कातड्यातून गाळून घेणे हे चालकाचे नित्यकर्म ठरले.

अमेरिकन सेनेने देखभालीची पाच पायऱ्यांत विभागणी केली होती. पहिली पायरी चालकाची असून गाळणीतील पाणी काढणे, गळती पाहणे व टाकीच्या झाकणाची काळजी घेणे ही कामे तिच्यात येत. पाचव्या पायरीवर तळावरील मोठ्या कार्यशाळेत संपूर्ण पुनर्बांधणी केली जाई. फेब्रुवारी १९४४ मध्ये एमबी व जीपीडब्ल्यू या गाड्यांसाठी निघालेल्या लष्करी पुस्तिकेत लक्षण, संभाव्य कारण व उपाय असा क्रम दिलेला होता. अनुभवी कारागिराच्या अंदाजाऐवजी लेखी क्रमानुसार तपासणी हे तत्त्व यामुळे सामान्य सैनिकाच्या हाती आले. भारतात १९४३ मध्ये लष्कराचे विद्युत् व यांत्रिक अभियांत्रिकी दल स्थापन झाले आणि वाहनांच्या दुरुस्तीचे काम एका स्वतंत्र संघटनेकडे आले.

भारतातील पुनर्बांधणी : युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक सामग्रीतील अनेक जीप गाड्या नागरी बाजारात आल्या. १९४५ मध्ये लुधियाना येथे स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपच्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली आणि पुढे परवान्याखाली देशी उत्पादन केले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमास प्रारंभ झाल्यावर गट विकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांतून दिसू लागली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर तर ती ग्रामीण प्रशासनाची खूणच बनली. घाटरस्ते, उन्हाळ्यातील उष्मा, पिंपातून विकत घेतलेले पेट्रोल आणि सुट्या भागांची टंचाई यांमुळे इंधन पुरवठ्याचे दोष येथे वारंवार दिसत.

‘पुनर्बांधणी’ या शब्दाचा अर्थ किती शिथिल असू शकतो, हे एका राष्ट्रीय प्रकरणातून दिसून आले. काश्मीरमधील युद्धाच्या वेळी १९४८ मध्ये भारताचे लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत पुनर्बांधणी केलेल्या २,००० जीप गाड्यांच्या खरेदीचा करार झाला. त्यांपैकी १५५ गाड्या भारतात पोहोचल्या व त्या सैन्याच्या उपयोगास अयोग्य ठरल्या. संसदेत या व्यवहारावर तीव्र टीका झाली. अय्यंगार समितीने न्यायालयीन चौकशीची शिफारस केली. तथापि १९५५ मध्ये शासनाने हे प्रकरण बंद केल्याचे घोषित केले. बाहेरून रंगविलेली व सुरू होणारी गाडी म्हणजे पुनर्बांधणी झालेली गाडी नव्हे, आणि भाराखाली, चढावर व दीर्घकाळ चालवून पाहिल्याखेरीज तिचा स्वीकार करू नये, हा या प्रकरणाचा तांत्रिक बोध होय.

पुनर्बांधणीनंतरचे विशेष दोष : एंजिनाची पुनर्बांधणी करताना सिलिंडर, दट्टे, धारवे व झडपा यांकडे लक्ष दिले जाते, टाकी व नळ्या मात्र पुष्कळदा जुन्याच राहतात. गाडी दीर्घकाळ उभी असल्यास टाकीत ओलावा साचून गंज धरतो व शिळ्या पेट्रोलातील घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते. गाडी पुन्हा धावू लागली की हादऱ्यांनी हा थर सुटतो आणि गाळणीत व कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतो. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत उत्तम चाललेली गाडी नंतर अडखळू लागते व मालक नव्या एंजिनास दोष देतो. टाकीच्या आत लावलेला गंजरोधक लेप नीट धरला नाही, तर त्याच्या पापुद्र्यांनीही हाच परिणाम घडतो.

टाकीतील शोषण-नळीला वरच्या भागात चीर पडली असल्यास टाकी भरलेली असताना चीर पेट्रोलखाली झाकली जाते व गाडी निर्दोष चालते. पातळी चिरेखाली गेली की नळी हवा ओढू लागते. टाकी निम्मी होताच नेमाने बंद पडणारी गाडी हे या दोषाचे बोलके लक्षण होय.

पंप बसवितानाही चुका होतात. पंप व एंजिन यांमध्ये जाड किंवा दुहेरी गॅस्केट घातल्यास तरफ उत्केंद्री चकतीपासून दूर राहते व पटलाची हालचाल कमी होते. दुसऱ्या एंजिनाचा, भिन्न लांबीच्या तरफेचा पंप बसविल्यास तोच परिणाम होतो. पंपाच्या शोषण व निर्गम नळ्यांची अदलाबदल, जोडांना लावलेल्या लुकणाचे तुकडे नळीत जाणे, नवी नळी निष्कास नळकांड्याला लागून नेणे, हे दोषही आढळतात. चौकट व एंजिन यांना जोडणारी लवचिक नळी बाहेरून धड दिसत असली, तरी आतून फुगून तिचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो.

दोषनिदानाचा क्रम : प्रथम दोष इंधनाचा की प्रज्वलनाचा, हे ठरविले जाते. ठिणगी बंद झाल्यास एंजिन सामान्यतः एकदम थांबते. इंधन कमी पडल्यास ते धक्के देत, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज करीत हळूहळू मंदावते व चोक ओढला असता क्षणभर सावरते. ही परीक्षा साधी असून तिने बराच वृथा खर्च वाचतो.

त्यानंतर टाकीपासून प्रारंभ करून पुढे सरकत जाणे ही मान्य पद्धती होय. टाकीत पेट्रोल असल्याची खात्री मापकाच्या काट्यावर न विसंबता सळई घालून केली जाते. मग झाकण पाहतात. पेट्रोल खर्च होईल तशी हवा आत येण्यासाठी झाकणात छिद्र किंवा झडप असते. ती बुजल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी काही मिनिटे चालून बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो. हा दोष क्षुल्लक असला, तरी त्यापायी चांगले पंप व कार्ब्युरेटर बदलले गेल्याची उदाहरणे गॅरेजांत नेहमीची आहेत.

पुढे गाळणी उघडून गाळ व पाणी पाहतात. तिच्या गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, हेही तपासले जाते. शोषण-मार्गाविषयी शंका असल्यास पंपाची आगम नळी सोडवून ती स्वच्छ पेट्रोलच्या स्वतंत्र डब्यात सोडतात. एंजिन नीट चालू लागले, तर दोष पंपाच्या मागे आहे, हे निश्चित होते. तसेच अडखळत राहिले, तर पंप किंवा त्यापुढील भाग सदोष असतो. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

पंपाची परीक्षा करण्यासाठी कार्ब्युरेटरकडील नळी सोडवून तिचे तोंड भांड्यात धरतात व प्रज्वलन बंद ठेवून एंजिन फिरवितात. पेट्रोलचे भरदार व बुडबुडेरहित झोत आल्यास पंप ठीक समजावा. बुडबुडे हवेचा शिरकाव दर्शवितात. दाबमापक लावल्यास स्प्रिंगचा ताण कळतो. पटल फाटल्यास पेट्रोल तेलकुंडात उतरून वंगण तेल पातळ होते. तेलाच्या मोजपट्टीला पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी पुढे चालवू नये. कारण धारवे झिजतात व तेलकुंडात स्फोटक बाष्प साचते. या सर्व चाचण्यांच्या वेळी उघडी ज्योत, विडी-सिगारेट व तापलेली निष्कास नळी यांपासून पेट्रोल दूर ठेवणे अत्यावश्यक असते.

पंप निर्दोष ठरल्यावरच कार्ब्युरेटर उघडतात. प्लवकात पेट्रोल शिरले असल्यास तो जड होऊन सुईझडप उघडी राहते व पात्र ओसंडते. प्लवकाची पातळी कमी ठेवल्यास मिश्रण विरल होते आणि चढावर किंवा आडव्या उतारावर गाडी तिरपी झाली की मुख्य छिद्र उघडे पडते. सपाट रस्त्यावर निर्दोष असणारी गाडी घाटात अडखळते, त्याचे हे एक कारण आहे. वेगवर्धक पंपाची वादी वाळल्यास पेडल दाबताच एंजिन क्षणभर दम तोडते. कार्ब्युरेटरखालील गॅस्केट फाटल्यास किंवा नियंत्रक झडपेचा दंड झिजल्यास जादा हवा आत येते. याची लक्षणे इंधन कमी पडल्यासारखीच असली, तरी पुरवठ्यात काहीही दोष नसतो.

बाष्परोध : पेट्रोल नळीतच उकळून बाष्पाचे बुडबुडे झाल्यास पंप द्रवाऐवजी बाष्प ओढतो व पुरवठा खंडित होतो. यास बाष्परोध म्हणतात. शोषण-मार्गातील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी असल्याने तेथे पेट्रोल कमी तापमानास उकळते. म्हणून हा दोष उन्हाळ्यात, लांब घाट चढल्यावर आणि विशेषतः तापलेली गाडी थांबविल्यानंतर दिसतो. उंचीवर वातावरणाचा दाब कमी असल्याने तो अधिकच संभवतो. शिवाय ३,००० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सु. एक-चतुर्थांशाने कमी असल्याने कार्ब्युरेटरचे मिश्रण आवश्यकतेपेक्षा समृद्ध होते. पंपावर ओले फडके टाकणे हा चालकांचा पूर्वापार उपाय तात्पुरता गुणकारी असतो. नळी निष्कास नळकांड्यापासून दूर नेणे, मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल बसविणे व अडकलेली उष्णता-नियंत्रक झडप मोकळी करणे हे कायमचे उपाय होत.

विद्युत् पंपाचा पर्याय : बाष्परोध टाळण्यासाठी टाकीजवळ विद्युत् पंप बसविण्याची प्रथा पडली. टाकीजवळचा पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलत असल्याने ती तत्त्वतः योग्य आहे. परंतु अंतःक्षेपण पद्धतीच्या गाड्यांतील पंपाचा दाब कार्ब्युरेटरला लागणाऱ्या दाबाच्या अनेक पट असतो. असा पंप लावल्यास सुईझडप रेटली जाऊन पेट्रोल बाहेर सांडते व आगीचा धोका उत्पन्न होतो. मूळ एमबी गाडीची विद्युत् प्रणाली ६ व्होल्टची असल्याने १२ व्होल्टचा पंप तीवर समाधानकारक चालत नाही. अपघातात एंजिन थांबले, तरी पंप चालू राहू नये यासाठी तेलाच्या दाबावर चालणारा बंद-खटका बसविणे श्रेयस्कर ठरते.

इंधनातील बदल : १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले व भारतात जीप गाड्यांना डिझेल एंजिने बसविण्याकडे कल वाढला. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल एंजिनाचा परवाना घेतला. डिझेल यंत्रणेत शोषण-मार्गातून शिरलेली थोडी हवाही उच्च दाबाच्या पंपाचे कार्य थांबविते. अशा वेळी नळ्यांचे जोड क्रमाने सैल करून हवा काढून टाकावी लागते. ‘गाडीने एअर धरली’ हा गॅरेजमधील वाक्प्रचार याच दोषाचा निदर्शक आहे.

२००० मध्ये भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ पासून ५ टक्के एथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. देशातील मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातील साखर कारखाने हे या एथेनॉलचे एक प्रमुख उगमस्थान आहे. जुन्या जीपच्या दृष्टीने या बदलाचे तीन परिणाम संभवतात. एथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबराची पटले व नळ्या फुगतात किंवा ठिसूळ होतात. ते पाणी शोषते व पाणी फार झाल्यास पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते. शिवाय पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलला वजनाने सु. १४·७ पट हवा लागते, तर एथेनॉलला सु. ९ पटच पुरते. त्यामुळे जुन्याच छिद्रांतून येणारे मिश्रण विरल ठरते. म्हणून पुनर्बांधणीच्या वेळी एथेनॉलरोधक पदार्थांची पटले व नळ्या वापरणे, मुख्य छिद्र किंचित मोठे घेणे आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल न ठेवणे इष्ट असते.

लष्करी व शासकीय सेवेतून जुनी जीप गेली असली, तरी हौशी संग्राहक व डोंगराळ भागातील शेतकरी तिची पुनर्बांधणी करून ती वापरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकेक टप्पा निर्दोष ठरवीत जाण्याचा युद्धकाळातील क्रम त्यांनाही तसाच लागू पडतो.